‘तो चावत नाही’ एवढे पुरेसे नाही : मेंढ्यांमागे धावणारा तरुण कुत्रा आणि मालकाची जबाबदारी

इंगोलश्टाटहून उत्तरेला अर्ध्या तासाच्या अंतरावर आल्टम्यूल नदीचे खोरे सुरू होते. चुनखडीच्या उतारांवर जुनिपरची झुडपे, मधूनमधून पांढरे कडे आणि खाली संथ वाहणारी नदी असे तेथील दृश्य असते. आठवडाभर मोटारींच्या कारखान्यात किंवा संगणकासमोर घालवणाऱ्या मराठी कुटुंबांना रविवारी फिरण्यासाठी याहून चांगली जागा सापडणे कठीण. अलीकडे या कुटुंबांबरोबर अनेकदा एक कुत्राही असतो. हिवाळ्यात पिल्लू म्हणून घरी आलेला आणि आता आठ-नऊ महिन्यांचा झालेला हा कुत्रा घरात गुणी असतो, बागेत हाकेला येतो आणि मुलांशी मायेने वागतो. पण उतारावर चरणारा मेंढ्यांचा कळप दिसताच त्याचे कान टवकारतात, अंग ताठ होते आणि पुढच्या क्षणी त्याला कोणाचीही हाक ऐकू येईनाशी होते.

अशा वेळी बहुतेक मालकांच्या तोंडून एकच वाक्य येते : ‘काळजी करू नका, तो चावत नाही.’ वाक्य खरे असले तरी मेंढपाळाला त्याने दिलासा मिळत नाही, कारण मेंढी मरण्यासाठी चाव्याची गरज नसते.

पाठलागाने काय होते

मेंढी हे भक्ष्य होणारे जनावर आहे. कुत्रा मागे लागला की कळप एकवटतो आणि एकाच दिशेने पळत सुटतो. कुंपणाच्या कोपऱ्यात मेंढ्या एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. विजेच्या जाळीत पाय अडकून काही जखमी होतात. जाळी तुटली तर कळप थेट रस्त्यावर येतो. गाभण मेंढ्यांचा गर्भपात होऊ शकतो आणि तो पाठलागानंतर काही दिवसांनीही घडू शकतो. धावपळीत आईपासून दुरावलेली लहान कोकरे उपाशी राहतात. कुत्रा पाच मिनिटांत परत येतो, शेपटी हलवतो आणि घरी जातो. मेंढपाळाचे नुकसान मात्र पुढचे कित्येक आठवडे उलगडत राहते.

आल्टम्यूल खोऱ्यातील मेंढपाळीला आणखी एक बाजू आहे. येथील जुनिपरची माळराने निसर्गतः तशी राहत नाहीत. शतकानुशतकांच्या चराईमुळे ती मोकळी राहिली आहेत. मेंढ्या हटल्या तर तेथे झुडपे आणि मग जंगल माजेल, आणि उघड्या उन्हात वाढणाऱ्या वनस्पती व फुलपाखरे नाहीशी होतील. त्यामुळे त्या उतारावरचा कळप हा एका शेतकऱ्याची मालमत्ता आहेच, शिवाय त्या सुंदर दृश्याचा राखणदारही आहे.

कुत्रा असे का करतो

पाठलाग हा कुत्र्याचा खोडसाळपणा नाही आणि द्वेष तर नाहीच. लांडग्याच्या शिकारीत ठरावीक क्रम असतो : हेरणे, टक लावून पाहणे, दबकत जाणे, धावणे, पकडणे, मारणे. माणसाने हजारो वर्षांच्या निवडीतून या साखळीतील काही कड्या वाढवल्या आणि काही दुबळ्या केल्या. बॉर्डर कॉलीमध्ये टक लावणे, दबकणे आणि धावणे तीव्र आहे, पण चावण्याची कडी कमकुवत केलेली आहे. आपल्याकडचे कारवान किंवा मुधोळ हे दृष्टीने शिकार करणारे वेगवान कुत्रे. त्यांच्यात धावण्याची कडी लख्ख आहे. कळपाची राखण करणाऱ्या जातींमध्ये मात्र जवळजवळ सगळीच साखळी मंद झालेली असते.

येथे मालकाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. धावणे हेच कुत्र्यासाठी बक्षीस आहे. मेंढी हाती लागली नाही तरी त्याला पुरेपूर आनंद मिळालेला असतो. म्हणून प्रत्येक यशस्वी पाठलाग हा एक धडा असतो आणि तो धडा आपल्या हातातल्या बिस्किटापेक्षा कितीतरी प्रभावी ठरतो. ‘एकदा धावून हौस फिटली की थांबेल’ ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे.

वयाचाही भाग आहे. चार महिन्यांचे पिल्लू मालकाच्या पायाशी राहते, त्यामुळे ते शिकले असे वाटते. सुमारे सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्रा वयात येत असतो. धाडस वाढते, जातीचे मूळ गुण जागे होतात आणि कालपर्यंत पाळलेली हाक आज कानाआड जाते. नेमक्या याच काळात अनेक मालक दोरी सोडून देतात.

धनगराच्या वाड्यातले पिल्लू

मराठी वाचकाला येथे एक प्रश्न पडणे साहजिक आहे. फलटण-बारामतीकडचे धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात, तेव्हा त्यांचे कुत्रे मेंढ्यांच्या मधोमध चालतात. त्यांना कोणी प्रशिक्षण दिले? उत्तर असे की बरेचसे शिक्षण जन्माबरोबरच सुरू झालेले असते. वाड्यावर जन्मलेले पिल्लू डोळे उघडते तेच लोकरीच्या वासात. कोकरांशेजारी झोपते आणि आगाऊपणा केला तर एखाद्या मेंढीची ढुशी खाते. त्याच्या लेखी मेंढी हे भक्ष्य नसून घरचे माणूस असते. खंडोबाच्या टाकांवर घोड्याबरोबर कुत्राही दिसतो, तो या जुन्या सहवासाचीच खूण आहे.

विज्ञानानेही याला दुजोरा दिला आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान पिल्लू कोणाला आपले मानायचे हे शिकते, असे दाखवून दिले. शहरी सदनिकेत वाढलेल्या पिल्लाच्या वाट्याला त्या आठवड्यांत मेंढी आलेली नसते. जे वाड्यावर न शिकवता मिळते, ते इंगोलश्टाटमध्ये ठरवून आणि सावकाश द्यावे लागते.

कायदा काय म्हणतो

जर्मनीच्या नागरी संहितेचे कलम ८३३ सांगते की पाळीव प्राण्याने केलेल्या नुकसानीची भरपाई त्याच्या पालकाने करावी. हौसेने पाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मालकाची चूक होती की नव्हती, हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘दोरी अचानक सुटली’ किंवा ‘त्याने आजवर असे कधी केले नव्हते’ हा बचाव चालत नाही. संहितेने दिलेली सूट उपजीविकेसाठी पाळलेल्या जनावरांपुरती, म्हणजे मेंढपाळाच्या कुत्र्यासारख्यांना आहे आणि तीही योग्य काळजी घेतली असेल तरच.

व्यक्तिगत दायित्व विम्यात सहसा मांजर येते, कुत्रा येत नाही. त्यासाठी ‘हुंडेहाफ्टफ्लिश्ट’ हा स्वतंत्र विमा लागतो. बर्लिन, हाम्बुर्ग, नीडरझाक्सन अशा काही राज्यांत तो सर्वच कुत्र्यांसाठी सक्तीचा आहे. बायर्नमध्ये तशी सरसकट सक्ती नाही आणि म्हणूनच तेथे तो राहून जातो. पहिला कळप भेटण्याआधी विम्याचा कागद काढून पाहणे शहाणपणाचे.

बायर्नच्या निसर्गसंरक्षण कायद्यानुसार पेरणीपासून कापणीपर्यंत शेतात आणि गवत वाढत असताना कुरणात फक्त असलेल्या वाटांवरूनच जाता येते. दोरीचे नियम मात्र गावागणिक वेगळे असू शकतात, ते आपल्या राटहाउसमध्ये विचारावेत. आणखी एक कठोर तरतूद ठाऊक असणे आवश्यक आहे. शिकारक्षेत्रात वन्यप्राण्यांचा उघडपणे पाठलाग करून त्यांना धोक्यात आणणाऱ्या कुत्र्याला ठार मारण्याचा अधिकार बायर्नचा शिकार कायदा अधिकृत शिकाररक्षकांना देतो. मेंढ्यांमागे धावणारा कुत्रा हरणामागेही धावतो, आणि त्याला हा फरक कळत नाही.

शिकवायचे कसे

पहिली पायरी शिकवण्याची नाही, रोखण्याची आहे. नवे वर्तन पक्के होईपर्यंत जुने घडूच द्यायचे नाही. यासाठी पाच ते दहा मीटरची लांब दोरी, जर्मनमध्ये ‘श्लेपलाइने’, वापरावी. ती गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला अडकवावी, म्हणजे अचानक झटका बसला तरी मानेला इजा होत नाही. मालकाने हातमोजे घालावेत आणि दोरी बोटांभोवती किंवा कमरेभोवती कधीही गुंडाळू नये.

दुसरी पायरी घरातली. मराठी घरांत एक गमतीची अडचण असते. आई ‘ये’ म्हणते, वडील ‘कम’ म्हणतात, मुले ‘इकडे’ म्हणून ओरडतात आणि प्रशिक्षक ‘हिअर’ सांगतो. कुत्र्याला भाषेचे सोयरसुतक नसते, पण शब्द एकच हवा. सर्वांनी मिळून बोलावण्याचा एक शब्द आणि शाबासकीचा एक शब्द, उदाहरणार्थ ‘छान’, ठरवावा. शिवाय एक शिट्टी राखून ठेवावी. ती वाजली की दरवेळी उकडलेल्या चिकनसारखा उत्तम खाऊ मिळायलाच हवा. दोन-तीन आठवडे ही शिट्टी फक्त घरात आणि शांत जागी वाजवावी. रागावण्यासाठी ती कधीच वापरू नये.

तिसरी पायरी कळपाच्या दिशेने, पण दुरून. कुंपणापासून शंभर-दीडशे मीटरवर उभे राहावे. कुत्र्याने मेंढ्यांकडे पाहिले आणि स्वतःहून मान वळवून मालकाकडे पाहिले, की त्याच क्षणी ‘छान’ म्हणून खाऊ द्यावा. हेच पुनःपुन्हा करावे. पाहायला मनाई नाही, पाहून परत वळण्याला मोल आहे, हे त्याला उमगायला हवे. तोंड मिटले, अंग ताठले, शेपूट स्थिर झाले आणि खाऊकडे लक्ष जाईना, तर अंतर फार कमी झाले असे समजावे. तेथे ओरडण्याचा उपयोग नाही, शांतपणे मागे सरावे. पाच ते दहा मिनिटांचा सराव पुरे. अंतर दिवसांत नव्हे, आठवड्यांत कमी करावे. शांत बसलेल्या मेंढ्यांजवळ जमले म्हणजे पळणाऱ्या मेंढ्यांजवळही जमेल असे नाही. जागा, अंतर आणि हालचाल यांपैकी एका वेळी एकच गोष्ट अवघड करावी.

चौथी पायरी उर्मीला वाट देण्याची. धावण्याची ओढ दाबून संपत नाही. फेकलेली वस्तू परवानगीनंतरच आणणे, गवतात लपवलेला खाऊ हुंगून शोधणे, धावता धावता शिट्टीवर थांबणे हे खेळ त्या ओढीला मालकाबरोबर जोडतात.

धाकाचा मार्ग मात्र बंद आहे आणि तो कायद्यानेही बंद केला आहे. विजेचा झटका देणारे गळपट्टे प्रशिक्षणात वापरणे प्राणिसंरक्षण कायद्याने निषिद्ध असल्याचा निर्णय लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये दिला. १ जानेवारी २०२२ पासून काटेरी गळपट्टे आणि वेदना देणारी इतर साधनेही प्रशिक्षणातून हद्दपार झाली आहेत. झटका बसलेला कुत्रा त्या वेदनेचा संबंध मेंढीशी, शेजारच्या मुलाशी किंवा मालकाशीही जोडू शकतो. ‘एडक्याबरोबर कोंडा, आपोआप शिकेल’ हा जुना गावठी उपायही तितकाच घातक आहे. मदत हवी असल्यास परवानाधारक प्रशिक्षकाकडे जावे. ऑगस्ट २०१४ पासून व्यावसायिक प्रशिक्षकांना सरकारी परवानगी आवश्यक आहे, आणि ती दाखवायला सांगण्यात संकोच नको.

गायींचा नियम वेगळा

सुटीत इंगोलश्टाटकर आल्प्सकडे वळतात, तेव्हा प्रसंग उलटतो. वासराजवळची गाय कुत्र्याला लांडगा समजते आणि पळण्याऐवजी चाल करून येते. जुलै २०१४ मध्ये टिरोलच्या पिनिस खोऱ्यात कुत्र्यासह चाललेल्या एका जर्मन महिलेचा गायींच्या हल्ल्यात मृत्यू झाला. २०२० मध्ये ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी शेतकरी आणि पर्यटक महिला यांच्यात निम्मी-निम्मी ठरवली. म्हणून वासरे असलेल्या कुरणाला वळसा घालावा. गायी अंगावर आल्याच तर दोरी ताबडतोब सोडून द्यावी. त्यांचा रोख कुत्र्यावर असतो आणि कुत्रा माणसापेक्षा वेगाने निसटतो.

घडलेच तर

कुत्रा सुटून कळपामागे लागला तर आरडाओरडा करत मागे धावू नये. धन्यालाही शिकारीत रस आहे असाच त्याचा समज होतो. राखलेली शिट्टी वाजवावी आणि उलट दिशेने चालू लागावे. कुत्रा परत आला की मारू नये, मुकाट्याने दोरी लावावी. परत येण्याची शिक्षा मिळाली तर पुढच्या वेळी तो परत येणारच नाही.

त्यानंतर निघून जाऊ नये. मेंढपाळ जवळ नसेल तर कुंपणावर अनेकदा दूरध्वनी क्रमांक असतो, त्यावर कळवावे. कोणीच न सापडल्यास पोलिसांना ११० वर सांगावे. आपले नाव, पत्ता आणि विम्याचा तपशील द्यावा. केसाळ लोकरीखालची जखम बाहेरून दिसत नाही. वेळीच कळले तर पशुवैद्य ती शोधू शकतो. परक्या देशात पोलिस आणि भरपाई या शब्दांची धास्ती वाटते हे खरे, पण लपवलेली घटना नंतर उघड झाली की नुकसानीबरोबर विश्वासही जातो.

उत्तम शिकलेला कुत्राही जनावरांजवळ दोरीवरच असावा. प्रशिक्षणाने दोरी निरुपयोगी होत नाही. एखाद्या दिवशी ती हातातून निसटलीच तर शिट्टी ऐकून कुत्रा वळेल, एवढी शक्यता प्रशिक्षण निर्माण करते. कळपाजवळून जाताना दोरी आखडून घेणाऱ्या मालकाकडे मेंढपाळ मान किंचित झुकवतो आणि ‘ग्र्युस गॉट’ म्हणतो. त्या उतारावर पुढच्या रविवारी पुन्हा जाता यावे, यासाठी तेवढी ओळख पुरेशी असते.