‘विकणें आहे’

जुनी वस्तु विकावयास भाषा किती लागते? आमच्या कळंबच्या आसमंतांतील कोणाही जुन्या शेतकऱ्यास विचारावें. तो म्हणेल, फारशी लागतच नाहीं. शेजारच्या मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष पौर्णिमेस यात्रा भरते, आणि तिच्याबरोबर मोठा बैलबाजारही. अशा बाजारांत उपरण्याखालीं हात धरून बोटांनींच भाव ठरविण्याची जुनी रीत आहे. आमचे वडील तींत वाकबगार होते. परंतु किंमत बोटांनीं सांगतां आली, तरी बैल मारका आहे कीं बसका, हें बोटांनीं सांगतां येत नाहीं. त्याकरितां तोंडच उघडावें लागतें. ही गोष्ट आम्हांस उतारवयांत नव्यानें उमगली, ती बैलामुळें नव्हे, तर स्पेन देशांतील एका सायकलीमुळें.

आमची पुतणी उच्च शिक्षणासाठीं त्या देशांत वालेन्सिया शहरीं दोन वर्षें होती. जाण्यापूर्वीं ती घरीं स्पॅनिश शिकत असे. तिच्या शेजारीं ओसरीवर बसतां बसतां आम्हीही शिकूं लागलों. साठी उलटलेला मनुष्य परभाषेचीं रूपें घोकतो हें पाहून मंडळी हंसत. पण ज्यानें जन्मभर शब्दरूपें घोकलीं व घोकविलीं, त्यास यांत कष्ट कसले? शिवाय ही भाषा अगदींच परकी वाटेना. तींतील त आणि द आपल्यासारखेच दन्त्य. लिहितांना ‘व’ असला तरी उच्चार ‘ब’चा, आणि ब-व यांचा अभेद संस्कृत पढलेल्यांस नवा नाहीं. ‘दोस, त्रेस, स्येते, न्वेबे’ हे अंक म्हणतांना द्वि, त्रि, सप्त, नव हे आपोआप आठवतात. संस्कृतांत ‘नव’ म्हणजे नऊ आणि नवाही. तेथें नऊ तो ‘न्वेबे’ आणि नवा तो ‘न्वेबो’. ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणें. वसईस १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या लोकांच्या भाषेंतून आपल्याकडे आलेला पगार हा या स्पॅनिश शब्दाचा सख्खा भाऊच होय.

शिक्षण संपून परतण्याची वेळ आली, तेव्हां पुतणीस आपली सायकल विकणें प्राप्त झालें. तिनें जाहिरात लिहिली आणि दूरध्वनीवरून आम्हांस वाचून दाखविली. म्हणाली, “काका, व्याकरण तेवढें तपासा.”

मथळा होता ‘से बेंदे’. आपल्याकडील ‘विकणें आहे’ याचा हा जुळा भाऊ. विकणारा कोण, हें दोहोंतही गुप्त. वस्तु अनेक असल्या तर मात्र ‘से बेंदेन’ असें म्हणावें लागतें. आपल्या कर्मणि प्रयोगांत ‘पुस्तक विकलें, पुस्तकें विकलीं’ असें जें होतें, तसेंच हें. सायकल तेथेंही स्त्रीलिंगी, म्हणून वापरलेली ती ‘उसादा’. पुस्तक पुंलिंगी, म्हणून तें ‘उसादो’. संस्कृतांतील क्तान्त रूप विशेष्याचें लिंग घेतें, त्यांतलाच हा प्रकार. घासाघीस करणें यास ‘रेगातेआर’ म्हणतात, आणि स्वस्तांत साधलेल्या सौद्यास ‘गांगा’. हा शब्द कानीं पडतांच, पोरीनें गंगेचा गडू विकावयास काढला कीं काय, अशी शंका आमच्या कुटुंबास आली!

खरी मौज पुढें आहे. आपल्या ‘असणें’ या एका क्रियापदाच्या जागीं त्या भाषेंत दोन आहेत. वस्तु मूळची कशी, हें सांगावयाचें तर ‘एस’. सांप्रत ती कोणत्या स्थितींत आहे, हें सांगावयाचें तर ‘एस्ता’. पहिलें आपल्या ‘अस्ति’चें नातलग, दुसरें ‘स्था’ धातूचें. ‘एस न्वेबा’ म्हणजे सायकल कोरी आहे. ‘एस्ता कोमो न्वेबा’ म्हणजे नव्यासारखी राहिली आहे. पुतणीनें दुसरें वाक्य लिहिलें होतें. व्याकरण निर्दोष होतें. आम्हीं शाबासकी दिली.

तिकडून क्षणभर शब्द आला नाहीं. मग ती म्हणाली, “पण काका, पावसांत मागचा ब्रेक नीट धरत नाहीं. तें लिहूं का? लिहिलें तर नव्वद युरो कोणी देणार नाहीं, आणि पुस्तकांच्या जादा वजनाचे पैसे मला त्यांतूनच भरायचे आहेत.”

आमच्या तोंडून निघून गेलें, “घेणारा पाहून घेईल!”

शेजारीं कुटुंब सुपारी कातरीत होतें. आडकित्ता थांबवून तें म्हणालें, “मामंजींनीं मारका बैल कसा विकला, तें विसरलांत वाटतं?”

विसरलों नव्हतों. वडिलांनीं उपरण्याखालीं हात घालण्यापूर्वीं बैलाची खोड मोठ्यानें सांगितली होती आणि कमी भावांत तो देऊन ते रिकाम्या हातांनीं घरीं आले होते. आम्ही तेव्हां लहान होतों. मिळावयाचा नवा सदरा त्या वर्षीं मिळाला नाहीं, एवढें लक्षांत राहिलें होतें.

पुढें आम्ही स्पेनचा कायदाही चाळला. तेथील १८८९ च्या दिवाणी संहितेच्या १४८४ व्या कलमान्वयें विकलेल्या वस्तूंतील गंभीर गुप्त दोषाबद्दल विक्रेता जबाबदार असतो, आणि खरेदीदारास सहा महिन्यांच्या आंत दाद मागतां येते. आपल्याकडील १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचा सामान्य रोख, कांहीं अपवाद सोडल्यास, घेणाऱ्यानें पारखून घ्यावें असा आहे. पण त्या सायंकाळीं कायदा आमच्यापुढें नव्हता, आडकित्ता होता.

आम्हीं वाक्य रचविलें, ‘एल फ्रेनो त्रासेरो फाया क्वांदो युएबे’; म्हणजे पाऊस पडतो तेव्हां मागचा ब्रेक दगा देतो. तें वाचून पहिले दोघे फिरकलेच नाहींत. तिसरी एक विद्यार्थिनी आली, तिनें ब्रेक दाबून पाहिला आणि साठ युरो दिले. तीस युरोंचा खड्डा पडला. पुतणीस अर्धीं पुस्तकें मैत्रिणीपाशीं ठेवून यावें लागलें. त्यांतील कांहीं अद्याप तेथेंच आहेत, आणि त्याची हळहळ तिला आहे.

वाचकांच्या घरीं कोणी परभाषा शिकत असल्यास त्याजकडून किंमत विचारण्याचें वाक्य जरूर पाठ करवावें. त्याच्याच खालीं आपल्या वस्तूचा दोष सांगण्याचेंही एक वाक्य लिहून द्यावें. पाठ्यपुस्तकांत तें आम्हांस कोठें आढळलें नाहीं.