लान्चियाचे पुनरागमन

आमच्या मेसमध्ये मोटारींवर वाद निघाला की मी लान्चियाची बाजू घेतो. रॅली म्हणजे मैदानातली शर्यत नव्हे. रहदारीला बंद केलेल्या रस्त्यावर मोटारी एकेक सुटतात व घड्याळाशी झुंजतात. तुरीनच्या या कंपनीने तेथे उत्पादकांची दहा विश्वविजेतेपदे मिळवली, त्यांतली सहा १९८७ ते १९९२ अशी सलग!

त्याआधी मात्र एक दुःखद प्रकरण घडले. 'ब' गटाच्या नियमांनुसार अवघ्या दोनशे मोटारी बनवल्या तरी पुरे होत. साहजिकच रस्त्यावरच्या गाडीशी नाते न राहिलेली यंत्रे निघाली. २ मे १९८६ रोजी कॉर्सिकात लान्चियाची मोटार रस्ता सोडून पेटली. हेन्री टोइव्होनेन व सेर्जिओ क्रेस्टो दोघेही गेले. मग 'अ' गट मुख्य झाला : वर्षाला पाच हजार मोटारी बनवा, तरच उतरा. म्हणून 'डेल्टा' साध्या गिऱ्हाइकालाही मिळाली.

२०२४ साली कंपनीने पुनरागमन जाहीर केले, तेही पुढची चाके ओढणाऱ्या, तीन सिलिंडरच्या, २१२ अश्वशक्तीच्या 'इप्सिलॉन'ने. मित्र हसले. पण हा वर्ग नवोदित चालकांचा आहे, आणि २०२५ साली सर्वोच्च वर्गाच्या एकच पायरी खालची मोटारही जाहीर झाली. मला हा क्रम शहाणपणाचा वाटतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींत तिने १९८० व १९८१ साली विश्वविजेतेपद मिळवले खरे. तरी 'ल माँ'चे चोवीस तास तिला कधीच जिंकता आले नाहीत. तिकडे तिने इतक्यात वळू नये.