दोनशे जनुकांचा हिशेब

विदर्भातल्या दलित-आदिवासी वस्त्यांत सिकलसेल बराच आढळतो. वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, हा आपल्या जातीचा आजार का?" उत्तरादाखल मी फळ्यावर हिशेब मांडला.

हिमोग्लोबिनच्या एका जनुकाची दोन रूपे घेऊ : 'ए' आणि 'एस'. प्रत्येकाला एक आईकडून, एक बापाकडून मिळते. समजा, १०० माणसांत ८१ 'एए', १८ 'एएस' आणि १ 'एसएस' आहे. 'एसएस' आजारी, 'एएस' वाहक, बहुधा धडधाकट. माणसे १००, पण जनुके २००. वाहकांचे १८ 'एस', आजाऱ्याचे २, एकूण २०. २० भागिले २०० म्हणजे ०.१०. ही 'एस'ची वारंवारता, उरलेली ०.९० 'ए'ची.

म्हणजे आजारी शंभरात एक, पण जनुक दहात एक. नुसते आजारी मोजणाऱ्याला १८ वाहक दिसतच नाहीत. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी रक्ततपासणी हवी.

आणि जात? हेच जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही आहे. एक 'एस' जीवघेण्या मलेरियापासून बचाव करतो. म्हणून मलेरियाच्या मुलखात वाहक तगले. जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांनी जनुक कुंपणात ठेवले, इतकेच.

रिस्लेने नाके मोजून जातींची उतरंड लावली. १९४८ साली बाबासाहेबांनी नाकांच्याच मोजमापांवरून ब्राह्मण-अस्पृश्य वंशभेद खोडून काढला. मित्रहो, आजवर इतरांनी आपल्याला मोजले. माझ्यासारख्या घरात पहिल्यांदा शिकलेल्यांनी आता हा हिशेब वस्तीत नेऊन समजावला पाहिजे.