अमेरिकेतला युरोपीय पाहुणा : छोट्या सवयी आणि त्यांच्यामागचे प्रश्न

आजचा विषय जरा हलका वाटेल. युरोपातला माणूस अमेरिकेत गेला की पहिल्या आठवड्यात त्याला ज्या बारीकसारीक गोष्टी खटकतात किंवा आवडतात, त्यांच्याबद्दल मी बोलणार आहे. दुकानातल्या किमती, हॉटेलातलं बिल, अनोळखी माणसाने हसून केलेली विचारपूस, घरासमोर लावलेला झेंडा. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडावं, असं तुम्ही म्हणाल. पण दुसऱ्या समाजाबद्दलची आपली बहुतेक मतं अशा छोट्या गोष्टींवरूनच बनतात आणि एकदा बनली की सहसा पुसली जात नाहीत. ती मतं कशी बनतात, हे तपासणं आमचंच काम आहे.

अमेरिकेकडे असं निरखून बघणाऱ्या युरोपीयांची परंपरा मोठी आहे. १८३१ मध्ये आलेक्सी द तोकव्हील हा पंचविशीतला फ्रेंच तरुण अमेरिकेतल्या तुरुंगांचा अभ्यास करायला म्हणून गेला, नऊ महिने फिरला आणि परत येऊन त्याने लोकशाहीवरचा एक मोठा ग्रंथ लिहिला. फ्रान्सिस ट्रोलप या इंग्रज बाईंचं अमेरिकनांच्या घरगुती वागणुकीवरचं पुस्तक १८३२ मध्ये आलं. ते इतकं तिखट होतं की अमेरिकन वाचक चांगलेच चिडले. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स गेला आणि तंबाखू चघळून कुठेही थुंकणाऱ्या लोकांना विटला. ही तक्रार आपल्याला काही परकी वाटू नये! पुढे १९०४ मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर आणि १९४७ मध्ये सिमोन द बोव्हार तिथे जाऊन आल्या-गेल्याचं लिखाण आपल्याकडे आहे. यातल्या काहींनी नुसती नावं ठेवली, काहींना काहीतरी समजलं. हा फरक कशाने पडतो?

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ही परीक्षा खरी ठरते, कारण सगळ्या शितांना तेच पाणी आणि तीच आच मिळालेली असते. पण एका पातेल्यातलं शीत बघून दुसऱ्या पातेल्याबद्दल बोललात, तर फसाल. आपल्या नैयायिकांनी हे फार नेमकं मांडलं आहे. जिथे धूर आहे तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलट, जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला लाकूड ओलं असावं लागतं. न सांगितलेली, पण धुराला आवश्यक असलेली ही जी अट, तिला ते 'उपाधी' म्हणतात. प्रवासी बहुतेक वेळा ही उपाधीच विसरतो. त्याला धूर दिसतो, ओलं लाकूड दिसत नाही. तर आज आपण चार-पाच ठिकाणी हे ओलं लाकूड शोधू.

सुरुवात दुकानापासून करू. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये वस्तूवर १०० लिहिलं असेल तर तुम्ही १०० द्यायचे. कर त्यातच धरलेला असतो. आपल्याकडेही पुडक्यावर 'सर्व करांसहित' छापलेलं असतं. न्यूयॉर्क शहरात मात्र १०० डॉलरची वस्तू काउंटरवर गेली की बहुतेक वेळा १०८ डॉलर आणि वर ८८ सेंट होते. पाहुणा म्हणतो, ही लबाडी आहे. पण बघा, अमेरिकेत देशभरासाठी एकच विक्रीकर नाहीच. हा कर राज्यं लावतात आणि त्यावर जिल्हे आणि शहरं आपापली भर घालतात. मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या पडल्या तेव्हा तो पसरला. ऑरेगन राज्यात तो अजिबात नाही, शेजारच्या कॅलिफोर्नियात किमान सव्वासात टक्के आहे. मग देशभर एकच किंमत जाहीर करायची असेल, तर ती कराशिवायच सांगावी लागते. शिवाय कर वेगळा दिसला की सरकार आपल्याकडून किती घेतं हे नागरिकाला दर वेळी कळतं, असं मानणारेही तिथे पुष्कळ आहेत. ती पद्धत गैरसोयीची आहे, हे खरंच. पण तिच्यामागे लबाडी नसून कर लावायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आहे. युरोपातल्या देशांनी त्याचं उत्तर राजधानीत दिलं, अमेरिकेने ते गावागावावर सोपवलं.

दुसरी गोष्ट, टिप. युरोपीय माणूस इथे हमखास वैतागतो. फ्रान्समध्ये मेन्यूवरच्या किमतीतच सेवेचे पैसे धरलेले असतात, वर चार नाणी ठेवली तर ती खुशी. अमेरिकेत १५ ते २० टक्के ठेवावेच लागतात आणि नाही ठेवले तर वेटरच्या चेहऱ्यावर ते दिसतं. पाहुण्याचं अनुमान ठरलेलं: हे लोक पैशाला हपापलेले आहेत. आता यातलं ओलं लाकूड बघा. संघराज्याच्या कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचं किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. इतरांचं किमान वेतन ७ डॉलर २५ सेंट. मधलं अंतर गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघेल, असं कायदाच गृहीत धरतो. म्हणजे टेबलावर ठेवलेले पैसे तिथे बक्षीस नसतात, पगाराचा भाग असतात. हे ठाऊक नसलेला पाहुणा तत्त्व म्हणून टिप देत नाही, तेव्हा त्याच्या तत्त्वाची किंमत ती वेटर मुलगी भरते.

गंमत अशी की ही चाल मुळात युरोपातली. सरदारांच्या वाड्यावर पाहुण्याने नोकरांच्या हातावर काही ठेवायचं, अशी ती रीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, म्हणजे १८६५ नंतर, तिथले श्रीमंत लोक युरोप बघून आले आणि ही रीत बरोबर घेऊन आले. त्याच वेळी लाखो कृष्णवर्णीय गुलामगिरीतून मुक्त झाले होते. रेल्वेच्या शयनयानांत आणि हॉटेलांत त्यांना कामावर घेतलं गेलं, पण पगार अगदी तुटपुंजा दिला गेला. उरलेलं गिऱ्हाइकांकडून मिळवा! तेव्हा अनेक अमेरिकनांना ही चाल लोकशाहीला न शोभणारी वाटली. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपेवर कायद्याने बंदी घातली, आणखी काही राज्यांनी तिचं अनुकरण केलं. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. आजही कॅलिफोर्निया, मिनेसोटा, नेवाडा अशा सात राज्यांत टिप मिळणाऱ्यांना कमी वेतन देता येत नाही. तेव्हा 'अमेरिकन माणसाला टिप आवडते' असं म्हणण्यात अर्थ नाही. त्या घरातच शंभर वर्षांहून जास्त काळ यावर भांडण चालू आहे.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत सगळ्यालाच पैसे मोजावे लागतात. तर स्वच्छतागृहांचं बघा. युरोपातल्या स्टेशनांवर अर्धा-एक युरो टाकल्याशिवाय अनेकदा आत जाता येत नाही. अमेरिकेतही दारावर नाणं टाकायची कुलपं होती. पण पुरुषांच्या मुताऱ्या फुकट आणि बायकांना मात्र प्रत्येक वेळी नाणं, हा अन्याय आहे, असं म्हणत १९७० च्या सुमारास लोक उभे राहिले. कॅलिफोर्नियातल्या एका महिला लोकप्रतिनिधीने १९६९ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर शौचकूप फोडून निषेध केला. शिकागोने १९७३ मध्ये बंदी घातली, इतर शहरं-राज्यं मागोमाग आली. पैसे गेले, पण भर रस्त्यावर सार्वजनिक स्वच्छतागृह शोधायला गेलात तर ते सापडणं कठीण. लोक कॉफीच्या दुकानात शिरतात. न्यायाचा प्रश्न सुटला, सोयीचा राहिला. म्हणजे उत्तर दिलं की त्याची किंमतही येतेच.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. अमेरिकेत दुकानदार, लिफ्टमधला अनोळखी माणूस, शेजारच्या खुर्चीवरचा प्रवासी, सगळे हसतात आणि 'कसे आहात' असं विचारतात. उत्तर ऐकायला मात्र थांबत नाहीत. जर्मन माणूस म्हणतो, हे खोटं आहे. मुळात हे जर्मनाला असं का वाटतं? कुर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ १९३३ मध्ये हिटलरचा जर्मनी सोडून अमेरिकेत आला. १९३६ मध्ये त्याने दोन्ही देशांच्या माणसांची तुलना केली. माणसाभोवती थर असतात असं समजा. अमेरिकनाचे बाहेरचे थर पाहुण्याला सहज खुले असतात, पण अगदी आतला गाभा तोही जपतो. जर्मनाचं कुंपण बाहेरच असतं. ते ओलांडून एकदा आत गेलात की बरंच आत जाता. जर्मन पाहुण्याला अमेरिकेत पहिल्याच दिवशी कुंपण ओलांडल्यासारखं वाटतं आणि महिन्याने कळतं की आपण अजून अंगणातच आहोत. मग फसवल्यासारखं वाटतं. फसवलं कोणीच नव्हतं. हसण्यावरून मैत्रीचं अनुमान त्यानेच काढलं होतं.

पण बाहेरचे थर इतके खुले का? तोकव्हीलने १८४० च्या दुसऱ्या भागात याचं एक उत्तर दिलं आहे. परदेशात दोन इंग्रज भेटले तर एकमेकांना टाळतात, दोन अमेरिकन लगेच बोलू लागतात, असं त्याचं निरीक्षण. इंग्लंडमध्ये कोणाची पायरी कोणती हे अनिश्चित झालं होतं आणि चुकीच्या माणसाशी सलगी होण्याची भीती होती. अमेरिकेत जन्माची पायरी फारशी उरलेली नव्हती, म्हणून ही भीतीही नव्हती. वेबरने दुसरी बाजू दाखवली. जो समाज सतत गाव बदलतो, तिथे अनोळखी माणसावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? उत्तर कॅरोलायनात वेबरने थंडीतल्या एका रविवारी तळ्यात चाललेला बाप्तिस्मा बघितला. पाण्यात उतरलेल्यांपैकी एका तरुणाबद्दल त्याला सांगण्यात आलं की याला बँक काढायची आहे. त्या पंथात घेण्याआधी माणसाच्या वागणुकीची कसून चौकशी होत असे. तेव्हा पंथाचा सदस्य म्हणजे व्यवहाराला भरवशाचा, असं लोक मानत. आपल्या गावात अमक्याचा नातू म्हटलं की काम होतं. जिथे आजोबा कोणालाच माहीत नाहीत, तिथे विश्वासाची दुसरी सोय लावावी लागते. ते हसणं हीही त्यातलीच एक छोटी सोय आहे.

चौथी गोष्ट झेंडा. अमेरिकेत घरांवर, शाळांत, गाड्यांच्या दुकानांवरही झेंडे दिसतात आणि जर्मन पाहुणा अस्वस्थ होतो. इथे ओलं लाकूड दोन्हीकडे आहे. झेंड्याला वंदन करण्याची शाळकरी प्रतिज्ञा अमेरिकेत १८९२ मध्ये आली. तेव्हा देशोदेशीचे लोक जहाजांतून उतरत होते. ज्यांची भाषा, धर्म, पूर्वज एक नाहीत, त्यांना जोडायला काहीतरी समोर धरावं लागलं. जर्मनाच्या मनात मात्र १९३३ ते १९४५ ही वर्षं असतात. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात लोकांनी मोकळेपणाने झेंडे फडकवले, तर त्याचीही तिथे चर्चा झाली. आणि डेन्मार्कचा माणूस? त्याला यात काहीच विचित्र वाटणार नाही, कारण त्याच्या घरी वाढदिवसाच्या केकवरही झेंडे टोचतात! म्हणजे 'युरोपीय नजर' अशी एक वस्तू नाहीच. खटकलं, ते आपल्याच घरातल्या कशामुळे तरी खटकलं, हे आधी तपासावं.

आता एक आक्षेप तुमच्या मनात आला असेल. प्रत्येक सवयीमागे कारण असतं, तर मग सगळंच बरोबर म्हणायचं का? नाही. कारण कळणं आणि समर्थन करणं, यांत गल्लत करू नका. टिपेचं कारण कळलं, तेव्हा त्यात मुक्त गुलामांचं शोषणही दिसलं. कारण कळल्यामुळेच टीका नेमकी झाली.

याचं चांगलं उदाहरण मराठीतच आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. म्हणजे त्याही युरोपातून आलेल्या पाहुण्याच. १८८९ मध्ये त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झालं. तिथल्या स्त्रियांच्या संस्था, शिक्षण, एकत्र येऊन काम करण्याची रीत यांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. पण कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूक त्यांनी झाकून ठेवली नाही. जातीचा अनुभव घेऊन गेलेल्या नजरेला ती दिसणारच होती. त्यांची स्वतःची उपाधी त्यांच्या आड आली नाही, उलट उपयोगी पडली.

आपल्यातल्या अनेकांची मुलं-नातवंडं आज बोस्टनला असतात किंवा म्युनिकला. फोनवर आपण सहज विचारतो, कसे आहेत तिथले लोक? आणि एका शब्दात उत्तर मागतो. पुढच्या वेळी थोडं वेगळं विचारून बघा. तुला तिथे काय खटकलं? ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर असेल? आणि तुलाच ते का खटकलं? या तिन्हींनंतर मत बनवायला हरकत नाही. ते कडू असलं तरी चालेल, निदान ते त्या लोकांबद्दलचं असेल. आजच्यापुरतं इथे थांबतो.