पोथी, पाठ आणि परंपरा : यवतमाळच्या एका संग्रहाचा बोध

दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. मराठीभाषक धम्म-अभ्यासकाच्या दृष्टीने हा योग अर्थपूर्ण आहे. ज्या भाषेत तो विचार करतो ती मराठी आणि ज्या भाषेतून तो तिपिटक वाचतो ती पाली, या दोहोंचा गौरव एकाच दिवशी झाला. परंतु असा दर्जा भावनेवर मिळत नाही, त्यास प्राचीन ग्रंथांचा पुरावा लागतो. हे ग्रंथ कोठे होते, ते कोणी जपले आणि कोणी वाचले, या प्रश्नांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात मुख्यतः यवतमाळच्या एका उदाहरणाच्या आधारे करणार आहोत.

राष्ट्राचे वाङ्मय म्हटले की राजधान्यांतील भव्य ग्रंथालये आपल्या डोळ्यांपुढे येतात. १९५४ च्या कायद्यान्वये भारतातील प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि आणखी तीन नियुक्त ग्रंथालयांस पाठविणे बंधनकारक आहे. मुद्रित ग्रंथांची अशी सोय झाली. मात्र मुद्रणापूर्वीची पोथी किंवा जी कधी छापलीच गेली नाही अशी वही या कायद्याच्या कक्षेत येत नाही. ती मठात, देवघरात, माळ्यावरच्या पेटीत पडून राहते. तिच्यापर्यंत कोणीतरी चालत जावे लागते.

यवतमाळमध्ये असे चालत जाणारे गृहस्थ होते यशवंत खुशाल देशपांडे. त्यांनी वऱ्हाडातील महानुभाव पंथाच्या पोथ्यांचा शोध घेतला, त्या मिळविल्या आणि यवतमाळच्या ‘शारदाश्रम’ या संस्थेत हस्तलिखितांचा संग्रह उभा केला. १९२५ साली त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्यापीठांच्या शहरांपासून दूर असलेल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी हे कार्य घडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या पोथ्या मिळविणे जितके कठीण, तितकेच त्या वाचणेही कठीण होते. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. त्यांतील सर्वांत प्रचलित ती ‘सकळ’ लिपी. ती रवळोबास यांनी सिद्ध केली असे पंथाची परंपरा मानते. हिच्यात एका अक्षराच्या जागी ठराविक दुसरे अक्षर योजिलेले असते. त्यामुळे ज्यास संकेत ठाऊक नाही त्याच्या हाती पोथी असूनही ग्रंथ नसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि शतकानुशतके बंद असलेले दार उघडले.

लिपी उलगडल्यानंतर संशोधकाचे खरे काम सुरू होते. प्रथम तो पोथीच्या अखेरची पुष्पिका पाहतो. तिच्यात बहुधा लेखकाचे वा नकलकाराचे नाव, स्थळ आणि शक दिलेला असतो. शकात ७८ मिळविले असता इसवी सनाचे स्थूल वर्ष मिळते. नंतर तो एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती समोर ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहतो. नकलकाराच्या नजरचुकीने एक ओळ गळते, जुना शब्द न कळल्यामुळे त्याच्या जागी नवा शब्द येतो, समासातील टीप मूळ मजकुरात शिरते. हे पाठभेद नोंदवून सर्वांत विश्वसनीय पाठ निश्चित करणे म्हणजे पाठसंशोधन होय.

‘लीळाचरित्रा’चे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट यांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे पंथाची परंपरा सांगते. साहजिकच निरनिराळे पाठ निर्माण झाले. अशा हस्तलिखितांचा धांडोळा घेऊन डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली.

या संशोधनाने मराठीचा इतिहासच बदलला. मराठी गद्य बखरींपासून सुरू होते ही समजूत मागे पडली आणि यादवकाळातील सहज बोलके गद्य प्रकाशात आले. ‘धवळे’ रचणारी महदंबा आद्य मराठी कवयित्री म्हणून मान्यता पावली. पोथ्या तशाच बांधलेल्या राहिल्या असत्या, तर या स्त्रीचे स्थान वाङ्मयाच्या इतिहासात कोरेच राहिले असते.

पाली वाङ्मयाच्या वाचकास यांत ओळखीच्या खुणा दिसतील. तिपिटक दीर्घकाळ मुखपरंपरेने जतन झाले आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेतील आलुविहारात ग्रंथारूढ झाले. भगवान बुद्धांनी आपले वचन छंदोबद्ध करण्याची दोन भिक्खूंची विनंती अमान्य केल्याची हकीकत चुल्लवग्गात आहे. नागदेवाचार्यांनीही संस्कृतात ग्रंथरचना करण्यास नकार दिला, कारण त्यामुळे सामान्य स्त्रिया ज्ञानाला वंचित होतील असे त्यांस वाटत होते. दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान भिन्न आहे. लोकांच्या भाषेविषयीची आस्था मात्र दोहोंत आढळते. आणि लोकभाषेत लिहिलेले लोकांपर्यंत पोहोचावयाचे, तर ते कोणीतरी राखावे लागते.

हेच सत्य आपल्या निकटच्या काळातही प्रत्ययास आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे १९५६ साली महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्यांचे विपुल लेखन अप्रकाशित होते. महाराष्ट्र शासनाच्या वतीने वसंत मून यांच्या संपादनाखाली त्यांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड १९७९ साली निघाला. मधल्या काळात ते कागद होते, पण वाचकास ते उपलब्ध नव्हते.

म्हणून आमचे निवेदन असे की, विहारातील ग्रंथालयाने केवळ विकत घेतलेल्या पुस्तकांचे कपाट होऊन राहू नये. यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावी जलशांच्या वह्या, हस्तलिखित भीमगीते, सभांची हस्तपत्रके, १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आठवणी आजही घराघरांत असतील. पोथीचा कागद तरी टिकाऊ असे. शाळकरी वहीचा कागद पन्नास वर्षांत पिवळा पडून तुटू लागतो. प्रत्येक विहाराने एक नोंदवही घालावी. तीत वहीचे वर्णन, लिहिणाऱ्याचे नाव, गाव, अंदाजे वर्ष आणि ती कोणाकडे आहे एवढे लिहावे. मूळ वही मालकाकडेच राहू द्यावी. तिची छायाप्रत मात्र अवश्य घ्यावी. ज्यांनी ती गीते स्वतः गायिली त्या वृद्धांकडून पाठ तपासून घ्यावा, कारण म्हाइंभटांनीही हेच केले होते.

हे काम फार विद्वत्तेचे नाही, चिकाटीचे आहे. एका जिल्ह्याच्या गावी जमविलेल्या पोथ्यांनी मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळाचे चित्र पालटण्यास हातभार लावला. आज आपल्या घरातील वहीची नोंद झाली नाही, तर उद्याच्या इतिहासकारास आपल्या मातापित्यांनी काहीच लिहिले नव्हते असे नाइलाजाने म्हणावे लागेल.