नाकतोड्याला ताप हवाय!

व्हाइटफील्डच्या दोस्तांनो, पावसाळ्यात सकाळी ऊन पडलं की सोसायटीच्या बागेतलं गवत नीट न्याहाळा. एखादा नाकतोडा अंगाची अख्खी बाजू उन्हाकडे करून पात्यावर बसलेला दिसेल. हात लावू नका हं, नुसतं बघा. तो अंग तापवतोय! आपल्या शरीरात भट्टीच असते. बाहेर गारठा असो की उकाडा, अंग ३७ अंशांच्या आसपास. नाकतोड्याला ही सोय नाही. ऊब हवी तर ऊन गाठायचं, नको तर सावली.

आता खरी गंमत ऐका. मेटारायझियम नावाची एक बुरशी आहे. तिचा बीजाणू कीटकाच्या अंगाला चिकटतो, रुजतो आणि कोंब थेट कवचातून आत घुसवतो. तोंडावाटे पोटात जायची गरजच नाही! बुरशी आत रक्तात वाढत जाते. कीटक मेला आणि हवा दमट असली, की त्याच्या अंगावर हिरवी भुकटी धरते.

पण या बुरशीचंही एक वर्म आहे. २५ ते ३० अंशांत ती झपाट्यानं वाढते, ३५ च्या पुढे मात्र तिची वाढ मंदावते. मे २०२० मध्ये अमरावती-नागपूरकडे झुंडीनं उतरलेले वाळवंटी टोळ आठवतात? नाकतोड्याचेच भाऊबंद ते. शास्त्रज्ञांनी अशा टोळांना ही बुरशी लावून पाहिली. आजारी टोळ निरोगी टोळांपेक्षा जास्त गरम जागा शोधू लागले. म्हणजे ताप त्यांना चढला नाही, तो त्यांनी जाऊन आणला! रोज काही तास अंग तापवायला मिळालेले आजारी टोळ जास्त दिवस जगले. बुरशी पुरती मरत नाही बरं का, नुसती दबून राहते. आभाळ भरून आलं की ती पुन्हा डोकं वर काढते.

मग ज्यांच्या वाट्याला ऊनच नाही, त्यांचं काय? गावी उसाची शेती असेल तर आजोबांना हुमणीबद्दल विचारा. ही पांढरट अळी जमिनीखाली राहून उसाची मुळं कुरतडते. शेतकरी मेटारायझियमच शेणखतात मिसळून शेतात घालतात. मातीत ओल असते, गारवा असतो, म्हणजे बुरशीची चैनच. अंग तापवायला हुमणी जाणार तरी कुठे? किडींना मारणाऱ्या अशा बुरश्यांवर काम करणारी कृषी कीटकांची राष्ट्रीय संस्था तर तुमच्याच बंगळुरूत, हेब्बाळला आहे.