परळच्या प्रयोगशाळेपासून आमवाताच्या गोळीपर्यंत

डॉ. लूसी विल्स 1928 साली इंग्लंडहून मुंबईत आल्या, त्या बाळंतपणातल्या मृत्यूंचा शोध घेण्यासाठी. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होई आणि त्यातल्या अनेकजणी दगावत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना विल्सबाईंना दिसलं, की यीस्टचा स्वस्तातला अर्क, म्हणजे मार्माइट, दिला की या बायांचं रक्त भरून येतं. हे निष्कर्ष 1931 मध्ये छापून आले. यीस्टमधला तो अनोळखी घटक म्हणजे फोलेट. आज आमवाताचे असंख्य रुग्ण जी पिवळी गोळी घेतात, तिचं मूळ इथे आहे.

पुढचा धागा एका तेलुगू माणसाच्या हाती आला. भीमवरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार केलं. रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना फोलेट दिलं तर आजार उलट बळावतो, असं बोस्टनच्या सिडनी फार्बरना वाटलं. मग फोलेटचं काम अडवणारं औषध हवं होतं. तेही सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेतून आलं: आधी अमिनोप्टेरिन, मग त्याचं भावंड मेथोट्रेक्सेट, म्हणजेच ती पिवळी गोळी. 1948 मध्ये सुब्बाराव गेले. हे औषध कधी सांध्यांच्या कामी येईल, हे त्यांना कळलंच नाही.

1951 मध्ये रिचर्ड गबनर आणि सहकाऱ्यांनी अमिनोप्टेरिन आमवाताच्या काही रुग्णांना दिलं आणि गुण आला. पण तिकडे कोणी फारसं पाहिलं नाही, कारण साऱ्यांचे डोळे कॉर्टिसोन या स्टेरॉइडवर खिळले होते. 1948 मध्ये मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी ते एका तरुण रुग्ण बाईला दिलं होतं आणि अंथरुणाला खिळलेली ती काही दिवसांत चालू लागली होती. 1950 चं नोबेलही त्याच कामाला मिळालं. नंतर मात्र कॉर्टिसोनमुळे हाडं ठिसूळ होऊ लागली, चेहरे सुजले, मधुमेह मागे लागला. मेथोट्रेक्सेटच्या नीट चाचण्या व्हायला 1980 चं दशक उजाडावं लागलं. बोस्टनच्या मायकेल वाइनब्लॅट यांचा अभ्यास 1985 मध्ये आला आणि 1988 मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली. मधल्या साडेतीन दशकांत किती बोटं कायमची वाकडी झाली असतील! माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासातली ही मोठी हानी आहे.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये भिगवणला घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात आढळला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आवरणावर उलटते. उपचार लवकर सुरू झाले नाहीत तर हाडं झिजतात आणि ती झीज पुन्हा भरून येत नाही.

तरी ‘हे कॅन्सरचं औषध’ असं ऐकून माणसं गोळी सोडतात. कर्करोगात एका वेळी हजारो मिलिग्रॅमपर्यंत डोस जातो, आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस. इतक्या कमी प्रमाणात ते पेशी मारण्यासाठी नसतंच. त्याने अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य वाढतं आणि दाह शमतो, असं आज मानलं जातं. म्हणूनच त्रास टाळण्यासाठी सोबत फॉलिक अ‍ॅसिड दिलं तरी औषधाचा गुण टिकतो. 1992 पासून लंडनमध्ये फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी महागड्या जैविक औषधांचं दार उघडलं, पण त्यातल्याही अनेक औषधांचा गुण मेथोट्रेक्सेट सोबत असताना अधिक टिकतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेल्याने तोंड सोलवटून, अस्थिमज्जा निकामी होऊन माणसं दगावली आहेत. घरात कुणी घेत असेल तर ठरलेला वार स्ट्रिपवर ठळक लिहून ठेवा, रक्त आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नका, दारू टाळा, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.